ताईंनंतर धुरा कोणाकडे? मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या नेतृत्वाविषयी आपले मत हवे आहे

पाचवा_विश्वस्त

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात गेली सव्वीस वर्षे मुलांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेचा मी विश्वस्त आहे. संस्थेचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण विषय अजून बैठकीपुढे यायचा आहे आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचा मान राखला जावा असे मला वाटते. आमचे बालगृह नाही. शाळा सुटलेल्या मुलांना पुन्हा वर्गात बसवणे, विड्या वळायला बसवलेल्या मुलींच्या घरी जाऊन बोलणे, संकटातील मुलांविषयी निर्णय देणाऱ्या बालकल्याण समितीपुढे मुलाची बाजू मांडणे आणि अत्याचाराच्या खटल्यात मुलीसोबत न्यायालयाच्या पायऱ्या चढणे, हे आमचे काम. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर चुकलेली मुले आईबापांच्या हाती लागेपर्यंत आमची माणसे मंडपात बसून असतात.

हे सगळे ज्यांनी उभे केले त्या ताई आता ७१ वर्षांच्या आहेत. येत्या वार्षिक सभेत अध्यक्षपद सोडणार असे त्यांनी दिवाळीनंतरच्या बैठकीत सांगितले आणि आम्ही बाकीचे सगळे विश्वस्त गप्प बसलो. त्यानंतर तीन नावे पुढे आली. पहिले ताईंच्या चिरंजीवांचे. ते पुण्यातील नोकरी सोडून परत येण्याच्या विचारात आहेत, हिशेबात चोख आहेत आणि देणगीदार त्यांना ओळखतात. दुसरे आमच्याच एका विश्वस्तांचे, जे सरकारी सेवेतून मोठ्या पदावरून निवृत्त झाले आहेत. तिसरे नाव ताईंनी स्वतः, जरा अडखळतच, घेतले: आमची ज्येष्ठ कार्यकर्ती. ती विडी कामगाराची मुलगी आहे, अठरा वर्षे संस्थेत आहे, शिक्षण बारावीपर्यंत आहे, आणि तेलुगू, कन्नड, मराठी व हिंदी या चारही भाषांत मुलांशी बोलते. तिच्या नावावर एक विश्वस्त म्हणाले, "तिला बाहेर कोण ओळखते?" हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही. मुलांच्या संस्थेचा प्रमुख कोणाला माहीत असायला हवा?

लेखनिक_सोलापूर

व्यक्ती कोणतीही निवडा, पण कागदाकडे आधी पाहा. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो आणि तो मंजूर झाल्यावरच परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीच्या उताऱ्यावर, नवे नाव चढते. मी ज्या संस्थेचे दप्तर काही वर्षे सांभाळले तेथे अकरा वर्षांचे बदल अर्ज साचले होते. संस्थापक वारले, दोन गटांनी आपापली सभा घेतली आणि सही कोणाची धरावी हे न कळल्याने बँकेने खाते गोठवले. भांडण मोठ्यांचे होते, पण त्या जूनमध्ये फी थकली ती चौदा मुलांची. आपल्या संस्थेचे परिशिष्ट एक आज काढून पाहा. त्यावर किती जिवंत माणसांची नावे आहेत, येथून सुरुवात करा.

बाराबंदी

माझे मत चिरंजीवांच्या बाजूने आहे आणि ते मी मोकळेपणाने मांडतो. सोलापूरमध्ये देणगी संस्थेला मिळत नाही, माणसाला मिळते. चादरीचा कारखानदार असो की नव्या पेठेतील व्यापारी, तो ताईंच्या शब्दावर धनादेश लिहितो. ताईंचा मुलगा समोर उभा राहिला तर तो शब्द पुढे चालतो. आपण सगळेच घराणेशाहीला नावे ठेवतो, पण ज्या मुलाने लहानपणी घरातले जेवण पाच अनोळखी मुलांबरोबर वाटून खाल्ले, त्याच्यापाशी या कामाचा संस्कार नाही असे कसे म्हणता येईल? कार्यकर्तीविषयी मला आदरच आहे, परंतु वर्षाचे अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे प्रस्ताव हे बारावीच्या शिदोरीवर कसे पेलणार, याचे उत्तर कोणी तरी द्यावे.

विडीघरकुल

उत्तर मला पूर्ण देता येणार नाही, पण मी जे पाहिले ते सांगते. मी आठवीत असताना शाळा सोडली होती. आई दिवसाला हजार विड्या वळायची. तेंदूची पाने भिजवून, पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची आणि विडीची टोके नखाने दुमडून बंद करण्याचे काम माझे असायचे. डाव्या अंगठ्याचे नख तेव्हा कायम काळे असे. अशाच एका कार्यकर्तीने आमचा उंबरा चढला. ती आपल्या संस्थेची होती की दुसऱ्या, हे मी लिहीत नाही. ती आली, आईसमोर बसली, सूप स्वतःच्या मांडीवर ओढले आणि बोलता बोलता वळू लागली. तिचा हात आईपेक्षा भराभर चालत होता. पहिल्या तीन भेटींत तिने शाळेचा विषय काढलाच नाही. चौथ्या वेळी तिने आईला मी दिवसाला किती टोके बंद करते हे मोजायला लावले, शाळेची वेळ वजा केली आणि उरलेली कोणी करायची यावर दोघी तेलुगूत अर्धा तास भांडल्या. शेवटी दोनशे विड्या कमी करायच्या असे ठरले. ते दोनशे विड्यांचे पैसे आईने दोन वर्षे सोसले.

आज मी परिचारिका आहे. त्या दारात चिरंजीव किंवा निवृत्त अधिकारी आले असते तर आईने त्यांना खुर्ची दिली असती, चहा दिला असता आणि मला आतल्या खोलीत पाठवले असते.

वकिली_पंचवीस_वर्षे

वरील अनुभवाला कायद्याची एक ओळ जोडतो. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा शाळेच्या वेळेनंतर घरच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा मुलांना ठेवली गेली, पण विडी वळण्याला ती मुभा नाही. त्या कार्यकर्तीला हे नक्कीच माहीत असणार. तरीही तिने पहिल्या तीन भेटींत कायदा उच्चारला नाही. कायदा केव्हा उच्चारायचा याची समज मला नेतृत्वाचा पहिला गुण वाटते.

आता दुसरी, अधिक कठोर बाजू. प्रमुखपद हा मान नाही, जबाबदारी आहे, आणि ती फौजदारी स्वरूपाची आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या २०१२ च्या कायद्यात कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवली पाहिजे. कलम २१ मध्ये संस्थेच्या प्रमुखासाठी वेगळी तरतूद आहे: हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा त्याने कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. तीन उमेदवारांपैकी प्रत्येकाला विचारा की आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार आली, आणि तो माणूस मोठ्या देणगीदाराचा भाचा असला, तर त्या संध्याकाळी तुम्ही पोलीस ठाण्यात जाल का. उत्तर देताना कोण कोणाकडे पाहतो तेही पाहा.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

येथे निवृत्त अधिकाऱ्याची बाजू कोणी मांडलेली नाही, ती मी मांडतो. गेल्या काही वर्षांत या क्षेत्राचा गाडा शासनाकडे सरकला आहे. संकटातल्या मुलांसाठीची चाइल्डलाइनची १०९८ ही फोन सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झाली आणि पुढे देशभर स्वयंसेवी संस्थांच्या हातांनी चालली. २०२३ पासून ती मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली शासकीय यंत्रणेकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. बाल न्याय अधिनियमातील २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, तेव्हापासून दत्तकाचे आदेश जिल्हाधिकारी देतात आणि बालकल्याण समितीच्या कामावरही त्यांचे लक्ष असते. म्हणजे संस्थेला रोज जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महिला व बालविकास कार्यालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याशीच बोलावे लागणार. ज्याने तीस वर्षे नस्ती (फाइल) पुढे सरकवली, त्याला कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो हे ठाऊक असते. बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये एखाद्या विधवेच्या मुलाला वेळेवर मिळावेत यासाठी हे ज्ञान लागते. त्याला कमी लेखू नये.

सीनाकाठ

कमी लेखत नाही, परंतु सावध करतो. मी ज्या संस्थेत सहा वर्षे होतो तेथे असेच एक निवृत्त अधिकारी प्रमुख झाले. माणूस सज्जन होता आणि वेळेचा पक्का होता. पहिल्या वर्षी थकलेली सगळी देयके निघाली आणि आम्ही त्यांना दुवा दिला. दुसऱ्या वर्षी एका निवासी शाळेतील मुलांना सडका तांदूळ मिळत असल्याची तक्रार आली. आमची कार्यकर्ती मूठभर तांदूळ कागदात बांधून घेऊन आली आणि तिने तो टेबलावर उघडला. तांदळात अळ्या वळवळत होत्या. साहेबांनी कागद पुन्हा नीट बांधला आणि म्हणाले, "त्या कार्यालयात माझ्याच हाताखाली तयार झालेला मुलगा बसतो, मी त्याच्याशी फोनवर बोलून घेतो." लेखी तक्रार गेलीच नाही. फोन झाला, तांदूळ महिनाभर बदलला आणि नंतर पूर्ववत सुरू झाला.

ते वाईट नव्हते, हे मी पुन्हा सांगतो. मुलांची बाजू मांडणाऱ्या संस्थेला एखाद्या दिवशी त्याच कार्यालयाविरुद्ध उभे राहावे लागते ज्याच्याकडून तिची देयके निघतात, आणि त्या दिवशी जुना स्नेह आड येतो. ओळखींमुळे दार उघडते हे खरेच. पण आत गेल्यावर "नाही" म्हणता येत नसेल तर मुलाला त्या दाराचा उपयोग काय?

ऊसपट्टा

सर्व चर्चा शहराभोवती फिरते आहे म्हणून दोन वाक्ये. आमच्याकडे गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांची मुले फडाजवळच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) येतात, शाळा मागे राहते आणि वयात येणाऱ्या मुलीचे लग्न उरकून टाकावे असा विचार त्याच हंगामात पक्का होतो. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि त्याला गावातच राहायचे असते. अशा वेळी बाहेरून फोन करून त्याच्या पाठीशी उभा राहणारा प्रमुख हवा. तो पूर्व भागातला असला तरी चालेल, पण त्याने माळशिरस, पंढरपूर, मोहोळचा रस्ता तुडवलेला असावा.

माजी_समन्वयक

पाचवा_विश्वस्त, आपण नाव लिहिले नाही, तरी मी ओळखले आहे. मीही नाव लिहिणार नाही. तीन नावांच्या चर्चेत खरा प्रश्न मागे पडतो आहे असे मला वाटते, म्हणून जे घडले ते लिहिते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रात्री पावणेअकरा वाजता रेल्वे स्टेशनवरून निरोप आला की मुंबईकडे जाणाऱ्या गाडीतून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उतरला आहे आणि तो फक्त कन्नड बोलतो. आमचा नवा कार्यकर्ता गेला आणि त्याला कार्यालयात घेऊन आला. मुलाच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत एकच चप्पल होती. पुढे काय करायचे हे ताईंना विचारल्याशिवाय कोणी ठरवत नसे, आणि ताई त्या दिवशी हैदराबादला लग्नाला गेल्या होत्या. फोन लागला नाही. मी समन्वयक होते, वय तीस होते, सहीचा अधिकार नव्हता आणि खरे सांगायचे तर धैर्यही नव्हते. आम्ही सकाळची वाट पाहिली. सकाळी सुट्टी निघाली, समितीची बैठक नव्हती. समिती बसलेली नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यापुढेही हजर करता येते हे त्या क्षणी आमच्यापैकी कोणालाही आठवले नाही. हे शिकवणारे प्रशिक्षण ताई एकट्याच घेऊन आल्या होत्या. मुलाला समितीपुढे हजर करण्यासाठी कायद्याने दिलेले २४ तास उलटून गेले. दुसऱ्या दिवशी समितीने आम्हाला जे सुनावले ते योग्यच होते. मुलगा त्या रात्री लाकडी बाकावर बसून होता. आडवा हो म्हटले तर पिशवी घट्ट धरायचा. पहाटे चार वाजता त्याने एकदाच विचारले, "अम्मा कडे यावागा?" आईकडे केव्हा, एवढे मला कळले, पण उत्तर द्यायला मजजवळ भाषा नव्हती आणि अधिकारही नव्हता.

ताईंवर माझा राग नाही. त्यांच्याइतके प्रेम मुलांवर करणारे माणूस मी पाहिलेले नाही. परंतु जी संस्था एका माणसाच्या फोनवर चालते, तिचा फोन बंद असला की मुलाने बाकावर बसून राहायचे का? वर्षभराने मी संस्था सोडली. सोडताना कारण सांगितले नाही, ती माझी चूक झाली.

पाचवा_विश्वस्त

ती रात्र मला ठाऊक नव्हती. इतिवृत्तात "एक बालक समितीपुढे सादर केले" एवढीच ओळ आहे. आपण लिहिलेले वाचून मी आज कार्यालयात गेलो. तेथे एक लोखंडी कपाट आहे, त्यात प्रत्येक मुलाची नस्ती आहे, लाल कापडी बांधणीच्या सात नोंदवह्या आहेत, आणि त्याची किल्ली सव्वीस वर्षे ताईंच्या कमरेला आहे. आम्हा विश्वस्तांपैकी कोणीही ते कपाट आतून पाहिलेले नाही. आम्ही वर्षातून दोनदा बैठकीला आलो, चहा घेतला, ठरावाला अनुमोदन दिले. नेतृत्वाचा प्रश्न ताईंमुळे जितका निर्माण झाला आहे तितकाच आमच्यामुळेही, हे मला लिहिलेच पाहिजे.

सनदी_लेखापाल_होटगी_रोड

मानधनाबद्दल कोणीच बोललेले नाही. कार्यकर्तीला अठरा वर्षांनंतर किती मिळतात? आणि तिच्या जागी बाहेरून व्यक्ती आणायची झाली तर संस्था किती देणार आहे? मी अशा अनेक संस्थांची पुस्तके तपासतो. सेवाभाव या शब्दाखाली कार्यकर्तीला निम्मे मानधन आणि बाहेरून आलेल्या संचालकाला तिप्पट, असे चित्र मी पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी दोन वर्षांत कार्यकर्ती निघून गेली आहे. बारावीच्या शिदोरीचा मुद्दा बाराबंदी यांनी मांडला, त्याचे उत्तर माझ्यापाशी आहे. ताळेबंद वाचायला चार महिन्यांत शिकवता येते, मी स्वतः शिकवलेले आहे. घाबरलेल्या मुलीला तेलुगूत बोलते करायला चार महिन्यांत कोणी शिकवू शकेल असे मला वाटत नाही.

पाचवा_विश्वस्त

साडेनऊ हजार रुपये. लिहिताना हात जड झाला, पण आकडा हाच आहे.

बाराबंदी

मी माझे मत पूर्ण बदललेले नाही, पण स्टेशनच्या त्या मुलाने मला विचारात टाकले आहे. चिरंजीव प्रमुख झाले आणि पुण्याहून आठवड्यातून एकदा येऊ लागले, तर तोच बंद फोनचा प्रकार पुन्हा सुरू होईल, ही भीती मला आता वाटते. उंटावरून शेळ्या हाकण्याचे हे काम नाही. तरीही देणगीदारांचा प्रश्न शिल्लक राहतोच. संस्थेचे पैसे आटले तर साडेनऊ हजारही देता येणार नाहीत.

वकिली_पंचवीस_वर्षे

देणगीदारांवरून आठवले. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता यांपैकी ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. देणगीदाराला मुलांसोबत फोटो हवा असतो, धनादेश देताना मागे मुली उभ्या करायच्या असतात. नवा प्रमुख या मागणीला कसे तोंड देईल हे त्याला नेमण्याआधी विचारून घ्या. ताईंनी या बाबतीत काय केले होते?

पाचवा_विश्वस्त

ताईंनी एकदा दोन लाखांची देणगी परत केली. देणाऱ्यांना त्यांच्या दुकानात आमच्या मुलींचा फोटो मोठा करून लावायचा होता. मी तेव्हा त्यांच्याशी वाद घातला होता. कार्यकर्ती दारात उभी होती आणि ती म्हणाली, "त्या फोटोतली एक मुलगी न्यायालयात साक्ष द्यायची आहे, दादा." एवढे बोलून ती पाणी आणायला आत गेली. हा प्रसंग मी विसरलो होतो.

निवृत्त_मुख्याध्यापक

दोन व्यावहारिक सूचना करतो. पहिली अशी की अध्यक्ष आणि कार्यकारी प्रमुख ही पदे वेगळी करा. अध्यक्षाने सभा चालवावी, हिशेब मागावा, प्रमुखाला जाब विचारावा आणि प्रमुखाने रोजचा निर्णय अध्यक्षाला न विचारता घ्यावा. दोन्ही पदांना मुदत ठेवा आणि ती घटनेत लिहा. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात अनाथ मुलांसाठी आश्रम सुरू केला. सुरू करणारे गेले, पिढ्या गेल्या, तरी काम टिकून राहिले, कारण ते एका कमरेच्या किल्लीवर अवलंबून नव्हते.

दुसरी सूचना अशी की तिन्ही उमेदवारांपुढे एक जुनी नस्ती ठेवा, नावे झाकून, आणि पुढच्या २४ तासांत काय कराल एवढेच विचारा. मी शाळेत शिक्षक निवडताना पदव्या पाहून झाल्यावर त्यांना तासभर वर्गात सोडत असे.

आणखी एक. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली, तिच्या बाराव्या कलमात मुलांना त्यांच्याशी संबंधित विषयांत मत मांडण्याचा हक्क आहे. आपल्या संस्थेत मोठ्या झालेल्या मुला-मुलींना कोणी विचारले आहे का?

विडीघरकुल

आम्हाला कोणीही विचारले नाही. विचारले तर आम्ही येऊ.

समुपदेशक_जुळे_सोलापूर

मुख्याध्यापकांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, मात्र एक काळजी घ्या. कार्यकर्तीला प्रमुख केले तर तिच्या जागी दारोदार कोण जाणार? चांगल्या कार्यकर्तीला खुर्चीत बसवून संस्था एक कार्यकर्ती गमावते आणि एक थकलेली संचालक मिळवते, असे मी जवळून पाहिले आहे. खटल्यात मुलीसोबत सहाय्यक व्यक्ती म्हणून ती जात असेल तर ते नाते तारखा संपेपर्यंत तोडता येत नाही. मुलगी दर तारखेला तोच चेहरा शोधते. तिच्याकडे आज किती खटले आहेत ते मोजा आणि ते संपेपर्यंत तिच्यावर दुसरे ओझे किती टाकायचे ते तिलाच ठरवू द्या. तिला हे पद हवे आहे का, हे तरी कोणी विचारले आहे का?

पाचवा_विश्वस्त

सात आठवड्यांनंतर लिहितो आहे. विलंबाबद्दल क्षमस्व.

विशेष बैठक झाली. माजी विद्यार्थ्यांपैकी अकरा जण आले, त्यांत या धाग्यावरील एक सदस्यही होत्या. नस्तीचा प्रयोग आम्ही केला. निवृत्त अधिकारी असलेल्या विश्वस्तांनी वीस मिनिटांत संबंधित कार्यालयाला असे पत्र लिहिले की त्यात काना-मात्रा बदलावा लागला नसता. चिरंजीवांनी नस्ती दोनदा वाचली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मला यातले कळत नाही, मी हिला विचारले असते," आणि कार्यकर्तीकडे बोट केले. कार्यकर्तीने नस्ती उघडलीच नाही. तिने विचारले, "मुलगी आत्ता कोणाजवळ बसली आहे?" ते उत्तर नस्तीत कोठेही नव्हते. नस्ती संस्थेचीच होती.

त्यानंतर तिने जे सांगितले ते समुपदेशकांना अपेक्षित होते. तिच्याकडे पाच खटले आहेत, ते ती सोडणार नाही. हिशेबाची तिला भीती वाटते, हेही तिने सर्वांसमोर सांगितले. मतदान झाले: चार विरुद्ध दोन, ताई तटस्थ राहिल्या. ती एक वर्षासाठी कार्यकारी प्रमुख आहे, मानधन बावीस हजार ठरले, आणि रात्रीच्या प्रसंगी कोणत्याही कार्यकर्त्याने कोणाची वाट न पाहता काय करायचे याचे एक पान तिने स्वतः लिहून भिंतीवर लावले आहे. पहिल्या ओळीत पोलिसांचे विशेष बाल पथक, दुसऱ्या ओळीत समितीच्या सदस्यांचे क्रमांक आहेत. दोन नवे कार्यकर्ते घ्यायचे आहेत, त्यांच्यापैकी एकाला कन्नड आलेच पाहिजे अशी अट तिने घातली. चिरंजीव दर महिन्याला हिशेबासाठी येतील. निवृत्त विश्वस्तांनी राजीनामा दिला. मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आलो, ते बोलले चांगले, पण राजीनामा मागे घेतला नाही. बालसंगोपनाच्या अर्जांत त्यांची उणीव आम्हाला आताच जाणवू लागली आहे. एका देणगीदारानेही हात आखडता घेतला आहे.

अध्यक्ष कोण, हे वार्षिक सभेत ठरेल. कपाटाची दुसरी किल्ली करून घेतली आहे, मात्र मूळ किल्ली अजून ताईंच्या कमरेलाच आहे, आणि नोंदवह्या चाळायच्या असल्या की सगळे त्यांच्या येण्याची वाट पाहतात. ती मागायची कोणी, हे आमच्यापैकी कोणालाही जमलेले नाही.

लेखनिक_सोलापूर

बदल अर्जासोबत सभेची सूचना, ती पोहोचल्याची पोच, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र आणि राजीनामा देणाऱ्यांचे पत्र जोडा. ९० दिवस राजीनामा मंजूर झाला त्या तारखेपासून मोजा. अर्जाला कोणी हरकत घेतली नाही तर काम लवकर होते, म्हणून निवृत्त विश्वस्तांशी संबंध जपा.

माजी_समन्वयक

रविवारी मी सोलापूरला येते आहे. ताईंना फोन केला होता, त्यांनी आवाज लगेच ओळखला आणि जेवायलाच ये म्हणाल्या. त्या रात्रीचे मला त्यांना सांगायचे आहे, सहा वर्षे सांगितलेले नाही. किल्लीचेही मीच बोलेन.